वाचकांचे प्रश्न : गोल्फचा सराव, साधने आणि पुस्तके

गोल्फविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत आहे : खेळ सुधारण्यासाठी काय विकत घ्यावे आणि काय वाचावे? त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरांत उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरला आहे. डावखुऱ्या वाचकांनी दिशा उलट समजाव्यात.

प्रश्न : मी बावन्न वर्षांचा असून काही वर्षांपासून हौसेने गोल्फ खेळतो. ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने) मारलेला चेंडू जवळजवळ दर वेळी उजवीकडे वळून झाडीत जातो. वजनदार लवचीक दांडा, बिजागरीचा ड्रायव्हर, दोन्ही हातांमध्ये धरायचा फुगीर चेंडू, मनगटाला बांधायचा पट्टा अशी अनेक साधने जाहिरातींत दिसतात. यांपैकी कोणते घ्यावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : यांपैकी कोणतेही आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला चेंडू नेमका कशामुळे वळतो हे ठरल्याशिवाय कोणते साधन उपयोगी पडेल हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि ते ठरवण्यासाठी लागणारे सामान बहुधा आपल्या घरातच असेल.

आघाताच्या क्षणी क्लबचे (खेळण्याच्या काठीचे) तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, जिकडे वळलेले असते, जवळजवळ तिकडेच चेंडू निघतो. त्या क्षणी क्लब ज्या मार्गाने चाललेला असतो त्या मार्गाच्या मानाने तोंड उजवीकडे उघडे राहिले, तर चेंडू हवेत उजवीकडे वळतो. यालाच आपण स्लाइस म्हणतो. पूर्वी याच्या उलट शिकवत असत : चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो आणि तोंडाच्या दिशेला वळतो. रडारच्या साहाय्याने चेंडूचा प्रवास मोजता येऊ लागल्यावर ती समजूत मागे पडली, तरी रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) ती अजूनही ऐकायला मिळते. ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक कारण असते आणि ते हौशी खेळाडूंच्या सहसा ध्यानात येत नाही. ड्रायव्हरचे तोंड सपाट नसून किंचित फुगीर असते. चेंडू मध्याऐवजी टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला लागला की त्या धक्क्याने क्लबचे डोके किंचित फिरते आणि चेंडूला उजवीकडे नेणारी फिरकी मिळते. अशा खेळाडूने हातांच्या हालचालीवर कितीही मेहनत घेतली तरी चेंडू झाडीतच जाईल, कारण त्याचा दोष मुख्यतः उभे राहण्याच्या अंतरात आणि तोलात असतो.

तेव्हा पहिले काम असे करावे. व्हाइटबोर्डवर लिहिण्याच्या मार्करने चेंडूवर रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका काढावा, तो क्लबच्या तोंडासमोर येईल असा चेंडू टीवर (चेंडू टेकवण्याच्या खुंटीवर) ठेवावा आणि नेहमीसारखा फटका मारावा. तोंडावर शाईचा ठसा उमटतो. ठसा कुठे उमटला ते पाहून तोंड फडक्याने पुसावे आणि पुन्हा मारावे. आठ-दहा फटक्यांत ठसे कोणत्या बाजूला जमतात हे स्पष्ट होते. ते टाचेकडे जमत असतील तर चेंडूपासून थोडे मागे उभे राहून आणि फटका पूर्ण होईपर्यंत तोल पंजांवर पुढे जाऊ न देता पाहावे. ते मध्यावर असूनही चेंडू वळत असेल, तर दोष तोंडाच्या किंवा मार्गाच्या दिशेत आहे असे समजावे.

त्यानंतर दोन सरळ कांड्या घ्याव्यात. दुकानांत फायबरग्लासच्या कांड्या मिळतात. विजेच्या वायरिंगसाठी वापरतात त्या पीव्हीसीच्या नळीचे दोन तुकडेही तेच काम करतात. एक कांडी चेंडूच्या पलीकडून लक्ष्याकडे आणि दुसरी पायांच्या टोकांना लागून, अशा रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर ठेवाव्यात. स्लाइस होणारे बरेच खेळाडू चेंडू उजवीकडे जाणार हे गृहीत धरून नकळत डावीकडे तोंड करून उभे राहतात. त्यामुळे खांदे उघडतात, क्लब बाहेरून आत ओढला जातो आणि चेंडू आणखी वळतो. कांड्या हे चक्र डोळ्यांसमोर उघडे करतात. सोबत डावा हात तपासावा. क्लब धरून खाली पाहिल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन ते तीन उंचवटे दिसले पाहिजेत. एकच दिसत असेल तर तोंड उघडे राहण्याचे कारण पकडीतच सापडले.

एवढे झाल्यावर आपल्या यादीकडे येऊ. लवचीक वजनदार दांडा शरीर सैल करण्यासाठी आणि लय सापडण्यासाठी चांगला आहे, पण क्लबचे तोंड बंद करण्याशी त्याचा काही संबंध नाही. बिजागरीचा क्लब झटका बसला की मोडून पडतो, म्हणजे तो घाई दाखवतो. आपली अडचण घाईची असेल तरच तो घ्यावा. हातांमधला फुगीर चेंडू चिपच्या, म्हणजे जवळून हलकेच उडवलेल्या छोट्या फटक्याच्या, सरावाला ठीक आहे. मनगटाच्या पट्ट्याविषयी मी साशंक आहे. चांगले साधन फटक्यासरशी चूक की बरोबर ते सांगते आणि बाजूला ठेवल्यावरही सुधारणा टिकते. पट्टा मनगटाला जबरदस्तीने एका स्थितीत ठेवतो आणि काढल्यावर मनगट पूर्वीच्या सवयीकडे परतते. कोणतेही साधन घेतले तरी चार फटके त्याच्यासह आणि चार त्याच्याशिवाय असा क्रम ठेवावा.

प्रश्न : रेंजवर माझे आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबचे) फटके उत्तम बसतात, पण कोर्सवर तेच क्लब माती खणतात. रेंजवर आणखी वेळ द्यावा का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : वेळ वाढवण्यापेक्षा सरावाची पद्धत बदलावी. आपण बहुधा रबरी मॅटवरून मारत असाल. क्लब चेंडूच्या दोन-तीन इंच मागे टेकला तरी मॅटवर तो घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. गवतावर तोच क्लब जमिनीत रुततो. म्हणजे मॅट आपली चूक झाकते, आणि कडक मॅटवर रोज मारणाऱ्याचे कोपर व मनगट दुखू लागते ते वेगळेच. यावर उपाय म्हणून चेंडूच्या सुमारे चार इंच मागे हात पुसायचा नॅपकिन घडी करून ठेवावा. क्लब नॅपकिनला लागला तर तो फटका कितीही लांब गेला असला तरी फसला असे धरावे.

दुसरे कारण सरावाच्या क्रमात आहे. एकच क्लब घेऊन एकाच दिशेला पन्नास चेंडू मारले की शेवटचे वीस सुरेख बसतात, कारण शरीर आधीच्याच फटक्याची नक्कल करीत असते. कोर्सवर मात्र ड्रायव्हरनंतर आयर्न, आयर्ननंतर वेज (जवळचे उंच फटके मारण्याचा क्लब), अशी दर वेळी नवी निवड करावी लागते. हालचाली शिकण्यावरील मानसशास्त्रात या विषयाचा अभ्यास जुना आहे. शे आणि मॉर्गन यांच्या 1979 मधील प्रयोगात निरनिराळी कामे आलटून पालटून करणारे लोक सरावाच्या वेळी मागे पडले, परंतु नंतरच्या चाचणीत एकच काम सलग करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. म्हणून टोपलीतले निम्मे चेंडू दुरुस्तीसाठी ठेवावेत आणि उरलेल्या निम्म्यांत दर चेंडूला क्लब व लक्ष्य दोन्ही बदलावे. आपल्या ओळखीच्या कोर्सचे पहिले तीन होल डोळ्यांसमोर आणून ते रेंजवरच खेळावेत. या पद्धतीत फटके दिसायला वाईट बसतात आणि शेजारच्या मॅटवरचे लोक पाहतात. त्याची सवय होते.

प्रश्न : आम्ही आठव्या मजल्यावर राहतो आणि कोर्सवर जाणे महिन्यातून जेमतेम एकदा होते. घरात पटिंगचा (चेंडू होलकडे घरंगळवण्याचा) सराव करण्यासाठी कोणती मॅट घ्यावी? बाल्कनीत जाळी लावून फटके मारता येतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बाल्कनीचा विचार सोडून द्यावा. हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरून निघणारा चेंडूही ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातो; जाळीचा एक टाका सुटला तर तो खालच्या रस्त्यावर कोणाच्या डोक्यात बसेल हे सांगता येत नाही. फोमचे हलके चेंडू घेऊन हॉलमध्ये छोट्या चिप जरूर माराव्यात, फक्त क्लब फरशीवर न आपटता जाड सतरंजीवरून माराव्यात, म्हणजे खालच्या मजल्यावरची मंडळीही सुखी राहतील.

पटिंगची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचा अर्धा भाग घरात शिकता येतो आणि तोही मॅटशिवाय. तो अर्धा भाग म्हणजे चेंडू ठरवलेल्या रेषेवर सोडणे. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. पटरचे (पटिंगच्या क्लबचे) तोंड एका अंशाने चुकले तर दहा फुटांवर चेंडूचा मध्य रेषेपासून पाच सेंटिमीटरांहून थोडा अधिक सरकतो, म्हणजे होलच्या अगदी कडेवर येतो. यावरून किती बारीक काम आहे याची कल्पना यावी. आपल्या घरातील फरशीची सांध ही आयती सरळ रेषा आहे. चेंडू सांधेवर ठेवावा आणि त्याच्यापुढे फूटभर अंतरावर सांधेच्या दोन्ही बाजूंना दोन पेन्सिल सेल उभे करून त्यांच्यामध्ये पाच सेंटिमीटरांची फट ठेवावी. चेंडूचा व्यास नियमानुसार किमान 42.67 मिलिमीटर असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना जेमतेम साडेतीन मिलिमीटर जागा उरते. सेल न पाडता चेंडू पलीकडे गेला तर दिशेतील चूक पाऊण अंशाच्या आत राहिली, आणि सपाट ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) असा पट दहा फुटांवर होलच्या आतच राहिला असता. सेल पडला तर कोणता पडला ते पाहावे : उजवा पडला तर तोंड उघडे, डावा पडला तर बंद. पलीकडे लक्ष्य म्हणून फुलपात्र आडवे ठेवावे. त्याचे तोंड होलपेक्षा लहान असल्यामुळे कोर्सवर गेल्यावर होल प्रशस्त वाटतो, हा एक आनुषंगिक फायदा.

पटिंगचा उरलेला अर्धा भाग म्हणजे वेग, आणि तो घरात येत नाही. फरशी कोणत्याही ग्रीनपेक्षा कितीतरी वेगवान असते. बाजारात मिळणाऱ्या मॅटच्या टोकाला चेंडू परत येण्यासाठी चढ असतो, त्यामुळे हात गरजेपेक्षा जोरात मारायला शिकतात. मॅट घ्यायचीच असेल तर सपाट आणि लांब घ्यावी. वेगाचा सराव खेळण्याच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचून प्रॅक्टिस ग्रीनवरच करावा, आणि तोही होलकडे न पाहता ग्रीनच्या कडेकडे लांब पट मारून, चेंडू कडेपाशी थांबतो की नाही ते पाहत. पावसाळ्यात आपल्याकडची ग्रीन जड होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा पळू लागतात. त्यामुळे गेल्या खेपेचा अंदाज या खेपेला लागू पडेलच असे नाही.

या सरावाला कमी लेखू नये. पीजीए टूरवरील व्यावसायिक खेळाडूंचेही आठ फुटांवरचे पट साधारण निम्मेच पडतात, तेव्हा आपल्याकडून तेथून चुकले तर त्यात खचण्यासारखे काही नाही. तीन फुटांवरचे मात्र चुकता कामा नयेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक हिने पदकाच्या शर्यतीतल्या अनेकींपेक्षा आखूड ड्राइव्ह मारूनही चौथे स्थान मिळवले आणि रौप्य-कांस्यपदकाच्या लढतीपासून ती केवळ एका फटक्याने दूर राहिली, ते मुख्यतः पटरच्या बळावर. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमधील एका ग्रीनकीपरचा मुलगा असलेल्या एस. एस. पी. चौरासियाला सहकारी ‘चिपपटसिया’ म्हणू लागले तेही चिप आणि पट यांवरील त्याच्या हुकमतीमुळेच. 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने इंडियन ओपन जिंकली.

प्रश्न : निवृत्तीनंतर गोल्फ सुरू केले. वाचनाची आवड आहे आणि इंग्रजी पुस्तके चालतील. कोठून सुरुवात करावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सुरुवात हार्वी पेनिक यांच्या ‘लिटल रेड बुक’पासून करावी. पेनिक हे टेक्ससमधील ऑस्टिन कंट्री क्लबचे प्रशिक्षक होते आणि आयुष्यभर लाल वहीत टिपणे करून ठेवत. पत्रकार बड श्रेक यांच्या साहाय्याने ती 1992 मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा पेनिक सत्त्याऐंशी वर्षांचे होते. प्रकरणे एक-दोन पानांची आहेत, आकृत्या आणि कोन फारसे नाहीत, आणि कोठूनही उघडून वाचता येते. उतारवयात खेळू लागलेल्या माणसाला पेलतील अशाच सूचना त्यात अधिक आहेत. पेनिक एप्रिल 1995 मध्ये वारले. त्यांचा शिष्य बेन क्रेनशॉ अंत्ययात्रेला खांदा देऊन मास्टर्स या मोठ्या स्पर्धेला गेला आणि त्याच आठवड्यात ती स्पर्धा जिंकला. हे ठाऊक असले की पुस्तकातला मायेचा सूर अधिक समजतो.

बेन होगन यांचे ‘फाइव्ह लेसन्स’ (1957) कोणीतरी आपल्याला सुचवीलच. ग्रिपपासून फॉलो थ्रूपर्यंत इतकी शिस्तबद्ध मांडणी क्वचितच सापडते आणि अँथनी रॅव्हिएली यांची रेखाटने केवळ पाहण्यासाठीही घ्यावीत अशी आहेत. तरीही ते नवख्याने सावधपणे वाचावे, असे मी सुचवीन. होगन यांना आयुष्यभर भीती होती ती हुकची, म्हणजे चेंडू डावीकडे वळण्याची, आणि त्यांच्या पकडीचा व मनगटांचा सारा उपदेश तो टाळण्याकडे झुकतो. बहुतेक नवख्यांचा चेंडू मात्र उजवीकडे वळतो. त्यांनी होगन यांची पकड जशीच्या तशी उचलली तर स्लाइस वाढण्याचीच शक्यता अधिक. उभे राहण्याची पद्धत आणि शरीर फिरण्याचा क्रम यांवरील प्रकरणे निःशंकपणे वाचावीत. पकडीचे प्रकरण प्रशिक्षकासमोर बसून वाचावे.

आपण बँक, अभियांत्रिकी किंवा हिशेबाच्या क्षेत्रातून निवृत्त झाला असाल तर मार्क ब्रॉडी यांचे ‘एव्हरी शॉट काउंट्स’ (2014) आपल्याला आवडेल. ब्रॉडी कोलंबिया विद्यापीठात व्यवस्थापनाचे प्राध्यापक आहेत. प्रत्येक फटक्याने सरासरीच्या तुलनेत किती कमावले वा गमावले हे मोजण्याची त्यांची पद्धत पीजीए टूरने 2011 पासून पटिंगसाठी अधिकृतपणे वापरायला घेतली. चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लांबच्या फटक्यांत असतो, असे त्यांनी आकड्यांनी दाखवले. मी वर पटिंगची एवढी भलामण केली, त्याच्याशी हे विसंगत वाटेल. पण आठव्या मजल्यावर राहणाऱ्या वाचकाला घरात लांबचे फटके मारता येत नाहीत आणि आपल्याला नागपुरात रेंज गाठता येत असेल, एवढाच त्यातला फरक.

शिकण्याचा कंटाळा आला की पी. जी. वुडहाउस यांचा ‘द क्लिकिंग ऑफ कथबर्ट’ (1922) हा कथासंग्रह काढावा. त्यातील शीर्षककथेत उपनगरातल्या साहित्यमंडळात आलेला रशियन कादंबरीकार प्रत्यक्षात गोल्फवेडा निघतो. आपल्याकडच्या साहित्यसभांत बसलेल्यांना ती विशेष रुचेल. गंभीर आणि तरीही डौलदार गद्य हवे असेल तर बर्नार्ड डार्विन वाचावेत. चार्ल्स डार्विन यांचे हे नातू लंडनच्या ‘द टाइम्स’साठी दीर्घकाळ गोल्फवर लिहीत. 1922 मध्ये वॉकर कप या ब्रिटन आणि अमेरिका यांच्या हौशी संघांमधील स्पर्धेचे वृत्तांकन करायला अमेरिकेत गेले असता ब्रिटिश संघाचे कर्णधार आजारी पडल्यामुळे ते स्वतःच मैदानात उतरले आणि आपला एकेरीचा सामना जिंकून आले.

प्रश्न : क्लबच्या स्पर्धेत अलाइनमेंटच्या (दिशा जुळवण्याच्या) कांड्या आणि अंतर मोजणारे यंत्र वापरता येते का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : कांड्या बॅगेत ठेवण्यास हरकत नाही आणि खांद्यांवर आडव्या घेऊन अंग ताणण्यासही परवानगी आहे. फेरी चालू असताना त्यांच्या साहाय्याने सरावाचा स्विंग केला तर मात्र नियम 4.3 चा भंग होतो. दिशा कळावी म्हणून कांडी किंवा क्लब जमिनीवर ठेवून उभे राहिलात तर नियम 10.2 नुसार दंड बसतो, आणि फटक्यापूर्वी ती वस्तू उचलली तरी तो टळत नाही. दोन्ही बाबतींत स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळात) दंड दोन फटक्यांचा आहे. चेंडूवर काढलेली रेघ लक्ष्याकडे वळवून ठेवणे मात्र पूर्णपणे वैध आहे. अंतर मोजणारे यंत्र चालते, परंतु चढउतार मोजण्याची सोय बंद ठेवावी लागते. स्थानिक नियमाने यंत्रावर सरसकट बंदी घालण्याची मुभाही आयोजकांना असते, म्हणून स्टार्टरकडे (फेरी सुरू करून देणाऱ्याकडे) आधी विचारावे. नियमांचे पुस्तक आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने फोनवर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पुण्याला मामाकडे गेली की ती त्यांच्याबरोबर गोल्फ क्लबवर जाते आणि आता तिला स्वतःचे क्लब हवे आहेत. मामा आपले जुने क्लब कापून द्यायला तयार आहेत. ते चालतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मामांचे आभार मानावेत आणि क्लब घेऊ नयेत. मोठ्यांचा क्लब कापला की त्याची लांबी कमी होते, पण डोक्याचे वजन तेवढेच राहते, दांडा आणखी ताठ होतो आणि पकड लहान मुठीला जाडच राहते. मूल तो दोन हातांनी ओढून फिरवते आणि तीच हालचाल पुढे अंगवळणी पडते. मुलांसाठीचे क्लब वयावरून न घेता उंचीवरून घ्यावेत. पूर्ण संचाची गरज नाही. नियमानुसार खेळाडूला जास्तीत जास्त चौदा क्लब नेता येतात, पण या वयात एक पटर, एक वेज, एक मधला आयर्न आणि एक छोटा वुड (लांब मारण्याचा जाड डोक्याचा क्लब) एवढे पुरते.

नाशिककरांना ‘गोल्फ क्लब’ म्हटले की क्रिकेटचे मैदान आठवते, तेव्हा रोजच्या सरावाची सोय आपल्याला अंगणातच करावी लागेल. त्यासाठी छिद्रांचे प्लास्टिकचे चेंडू घ्यावेत. ते पंचवीस-तीस पावलांपलीकडे जात नाहीत आणि खिडक्या वाचतात. जमिनीवर बादली, सायकलचा जुना टायर आणि दोरीचे वर्तुळ वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून प्रत्येकाला गुण ठरवून द्यावेत आणि तिच्याबरोबर आपणही खेळावे. पकड आणि उभे राहणे मामा किंवा प्रशिक्षक पुण्यात दाखवतीलच. मधल्या काळात घरून सूचना देऊ नयेत. मुलांच्या क्लबचे आकार काही उत्पादक उंचीच्या दर तीन इंचांना बदलतात, त्यामुळे हा संच दोन-एक वर्षांत लहान पडेल. वापरलेला घेणे आणि पुढे दुसऱ्या मुलाला विकणे परवडते, आणि अशा संचांची चौकशी क्लबच्या प्रो शॉपमध्ये किंवा कॅडीमास्टरकडे (खेळाडूंचे क्लब वाहणाऱ्या कॅडींच्या प्रमुखाकडे) करता येते.